भाचीचं लग्न, मावशीचं पौरोहित्य

वाचकाचं पत्र

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय एकसष्ट. शाळेतून निवृत्त झाल्यावर पौरोहित्याचा वर्ग केला. आता सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं करते आणि कुणी बोलावलं तर लग्नही लावते. धाकट्या बहिणीची मुलगी नेरूळला असते. ती आणि तिची जोडीदार कितीतरी वर्षं एकत्र राहतात. हो, जोडीदार मुलगी आहे. दोघींनी मिळून फ्लॅट घेतला आहे. आता त्यांना लग्न करायचं आहे, तेही अग्नीसमोर, सप्तपदी घालून. "मावशी, लग्न तूच लावायचंस," असं भाचीने सांगितलं आहे.

मला दोघींचं मनापासून कौतुक वाटतं. पण आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "शास्त्रात आधार नाही, असलं काही करू नका." दुसरी एक मैत्रीण म्हणते, कायदाच मानत नाही तर हा नुसता देखावा, मुलींची फसवणूक. मेहुणे माळकरी आहेत, दरवर्षी पंढरीला जातात. लग्नाला येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं आहे. बहीण मधल्या मध्ये रडते. मागच्या वर्षी भाचीच्या जोडीदाराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात झालं, तेव्हा "रक्ताचं नातं असलेल्याला बोलवा" म्हणून माझी भाची रात्री दोन तास बाहेर बसून होती. ते आठवलं की वाटतं, मंत्र म्हणून यांचं काय भलं होणार? मी काय करू?

- एक पुरोहित, ठाणे

उत्तर

प्रिय ताई,

आधी मत सांगते, कारणं मागाहून. लग्न तुम्ही लावा. मन लावून, सगळे विधी नीट समजून लावा. मात्र या विधीने काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते लग्नाच्या आधी दोघी मुलींना समोर बसवून स्वच्छ सांगा.

तुमची मैत्रीण म्हणते ते अर्धं खरं आहे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहांबद्दल निकाल दिला की लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यात, म्हणजे धर्म बाजूला ठेवून नोंदणीने लग्न करण्याच्या कायद्यात, न्यायालय स्वतः बदल करू शकत नाही, ते संसदेचं काम आहे. यावर पाचही जणांचं एकमत होतं. लग्न नाही तर निदान अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्याने मान्यता द्यावी का, यावर मात्र पीठ दुभंगलं. दोघे बाजूने, तिघे विरोधात. फेरविचार याचिका जानेवारी 2025मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे तुम्ही सप्तपदी घातलीत तरी सरकारदरबारी या दोघी अविवाहितच राहतील.

पण यात गुन्हा कसलाही नाही, हेही तितकंच पक्कं. कलम 377चा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग 6 सप्टेंबर 2018लाच गेला. दोन सज्ञान बायकांनी अग्नीभोवती फिरायला आणि तुम्ही त्यांच्यासाठी मंत्र म्हणायला कोणता कायदा आडवा येत नाही. सांभाळायची गोष्ट एकच. आपल्याकडे विवाहनोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते, ते तुम्हाला माहीत आहेच. तो अर्ज इथे भरायचा नाही आणि "विवाह कायदेशीर झाला" असं कुठलंही प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने द्यायचं नाही. फसवणूक झालीच तर ती अशा कागदाने होईल. दोघींना सगळं ठाऊक असताना केलेल्या संस्काराने कुणाची फसवणूक होते?

आता शास्त्राचं. शास्त्रात विरोधात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. मनुस्मृतीत दोन मुलींच्या संबंधांना दंड सांगितलेला आहे. पण त्याच स्मृतीत आणखी काय काय सांगितलंय आणि त्यातलं किती आपण कधीच बाजूला ठेवलंय, हे तुमच्या बाईंनाही माहीत आहे. "आधार नाही" म्हणून दार लावून घ्यायचं असेल तर ते दार आधी तुमच्या दोघींच्याच तोंडावर लागतं. बायकांनी वेदमंत्र म्हणायचे नाहीत, हेच कैक शतकं शास्त्र म्हणून शिकवलं गेलं. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात झाली तेव्हा हाच आक्षेप आला होता. आज ठाण्यात, डोंबिवलीत बायका लग्नं लावतात आणि यजमानांना त्यात काही वावगं वाटत नाही. ही वाट कुठल्या जुन्या पोथीत सापडलेली नव्हती. श्रद्धा असलेल्या बायका आणि त्यांना शिकवणारी श्रद्धावान माणसं यांनी ती चालून पाडली. बाईंशी बोलाल तेव्हा हे वाद म्हणून बोलू नका. त्यांनी तुम्हाला मंत्र दिलेत, ते ऋण मोठं आहे. पण बोला जरूर.

परंपरेच्या आतून होकार देणारी माणसंही झाली आहेत, आजची नव्हे, तेव्हाची. गणितासाठी जगभर नाव झालेल्या शकुंतलादेवींनी 1977 साली समलैंगिक माणसांवर एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्या श्रीरंगमच्या देवळातल्या एका वैष्णव पुरोहिताशी बोलल्या होत्या. त्या पुरोहितांच्या म्हणण्याचा सारांश असा, की असे समलिंगी जोडीदार मागच्या जन्मीचे स्त्री-पुरुष जोडीदार असणार. देह बदलला तरी आत्मा तोच राहतो. पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाने स्वतःच्याच सिद्धांतातून काढलेलं हे उत्तर आहे, बाहेरून आणलेलं काही नाही. पुढे दहा वर्षांनी, 1987मध्ये, भोपाळच्या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं आणि ते एका ब्राह्मण पुरोहिताने लावलं होतं. त्या दोघींच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा होकार देणारा पहिला पुरोहित तुम्ही नाही, आणि हा होकार कधीच फुकटात मिळालेला नाही.

आता प्रत्यक्ष विधीकडे येऊ. मला वाटतं तुमची खरी बेचैनी इथे आहे. पोथी वर-वधूसाठी लिहिलेली, समोर दोन वधू. मग कुठे काय म्हणायचं?

कन्यादानापासून पाहा. अलीकडे कितीतरी जोडपी ते नको म्हणतात आणि तुम्ही ते वगळून लग्न लावत असणार. 2024मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही सांगितलं की हिंदू विवाहासाठी कन्यादान आवश्यक नाही, कायद्याला सप्तपदी पुरते. इथे तर कुणी कुणाला द्यायचं हा प्रश्नच उरत नाही. ते सोडून द्या. त्याऐवजी दोन्ही घरचे जे कुणी वडीलधारे येतील त्यांनी दोघींच्या ओंजळीवर पाणी सोडून आशीर्वाद द्यावा. पाणिग्रहणाचा मंत्र मात्र जपून हाताळा. त्यात बोलणारा स्वतःला पती म्हणवतो. तो तसाच म्हणायला लावलात तर मुली अग्नीसमोर जे नाहीत ते बोलतील. त्या ठिकाणी हात हातात घ्यायला लावा आणि संकल्प मराठीत सांगा, दोघींच्या तोंडून, एकीचा झाला की दुसरीचा. लाजाहोमात भाऊ लाह्या घालतो. भाचीला भाऊ असेल तर तो घालेल, दुसरीला नसेल तर तिची मैत्रीण घालेल, अग्नीला त्याचं काही नाही. अश्मारोहणात नेहमी फक्त वधूला दगडावर पाय ठेवायला सांगून स्थिर राहा म्हणतो. इथे दोघींनी आळीपाळीने ठेवावा. खरं सांगायचं तर हे प्रत्येकच लग्नात व्हायला हवं. स्थिर राहण्याची जबाबदारी एकटीची कशी असेल? मंगळसूत्र कुणी कुणाला घालायचं, घालायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आणि मग सप्तपदी. सात पावलं तुम्हाला पाठ आहेत: अन्नासाठी, बळासाठी, धनासाठी, सुखासाठी, प्रजेसाठी, ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. लोक म्हणतात, लग्न मुलाबाळांसाठी असतं, म्हणून दोन बायकांचं लग्न होऊच शकत नाही. मंत्र त्यांच्या बाजूने बोलत नाही. प्रजेचं पाऊल सातांतलं एक आहे आणि ते शेवटचंही नाही. पन्नाशी-साठीत पुन्हा लग्न करणारी जोडपी आता सर्रास दिसतात. तुमच्या हातूनही एखादं असं लग्न लागलं असेल. त्यांना पाचवं पाऊल गाळायला कुणी सांगत नाही, आणि मूल होणार नाही म्हणून लग्न लागलं नाही असंही कुणी म्हणत नाही. तेच इथे. पाचव्या पावलाला थबकू नका. ज्या घरात दोघी आहेत त्या घरात पुढे कुणी लेकरू वाढेल किंवा नाही वाढणार. ते मागणं देवाकडे ठेवायचं असतं, पोट कुणाचं हे विचारायचं नसतं. सातव्या पावलाशी विधी पुरा होतो. हिंदू विवाह कायदा 1955च्या कलम 7मध्ये हेच लिहिलेलं आहे, की सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. आणि त्याच कायद्याचं कलम 5 वयाच्या अटीत वर आणि वधू धरून चालतं, तिथे या दोघींना वाट नाही. संस्कार पुरा होतो, पण कायदा तो मोजत नाही, अशी ही स्थिती आहे.

"मग मंत्रांनी काय होणार?" हा तुमचा प्रश्न इथे येतो. ताई, आपल्या देशात लग्नाच्या कायद्यात आधी विधी आणि मागून मान्यता असं एकदा नाही, अनेकदा घडलं आहे. शीख आनंद कारज पद्धतीने लग्नं लावत होते. ती वैध की अवैध याबद्दल शंका काढल्या जात होत्या, आणि 1909च्या आनंद विवाह कायद्याने ती वैध ठरवली, आधी झालेलीसुद्धा. आर्य समाजाने जातीबाहेरची लग्नं वैदिक विधीने लावली. त्यांच्यासाठी 1937मध्ये आर्य विवाह वैधता कायदा आला. तमिळनाडूत पुरोहिताशिवाय, एकमेकांना हार घालून स्वाभिमान विवाह होत राहिले, आणि 1967मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून ते मान्य केले, तेही मागच्या तारखेपासून. प्रत्येक वेळी एखाद्या समाजाने, एखाद्या पंथाने म्हटलं, "आम्ही याला लग्न मानतो." सरकार नंतर आलं. ज्यांची लग्नं आधी लागली होती त्यांना तोवर लोकांचं बोलणं खावं लागलं, वारसाहक्काचे खटले झेलावे लागले. पण ती लग्नं लागलीच नसती तर वैध कशाला ठरवायचं होतं?

उलटही घडलं आहे आणि ते आपल्याच घरचं आहे. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतून आधार काढून दाखवला होता. इकडे विष्णुशास्त्री पंडितांनी तीच लढाई मराठीत लढवली. 1870मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर त्यावर शास्त्रार्थ झाला आणि सुधारक हरले. कायदा हातात होता, धर्मपीठ पाठीशी नव्हतं. त्यानंतर तब्बल तेवीस वर्षांनी, 1893मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. नुसत्या कायद्याने घराचं दार उघडत नाही, त्याला आतून कुणीतरी कडी काढावी लागते. ती कडी तुमच्यासारख्यांच्या हातात असते.

बाहेरच्या देशांचं लांबवत नाही, पण दोन गोष्टी ऐका. टोरांटोच्या एका चर्चमध्ये 14 जानेवारी 2001 रोजी पाद्रींनी दोन समलिंगी जोडप्यांची लग्नं लावली. त्यासाठी त्यांनी चर्चमध्ये तीन रविवार जाहीर घोषणा करण्याचा जुना धार्मिक रिवाज वापरला, सरकारी परवान्याची वाट पाहिली नाही. नोंदणी खात्याने ती लग्नं नोंदवायला नकार दिला. जून 2003मध्ये वरच्या न्यायालयाने ती वैध ठरवली. आणि शेजारच्या नेपाळमध्ये माया गुरुंग आणि सुरेंद्र पांडे या जोडप्याने 2017 साली हिंदू पद्धतीने लग्न केलं. माया या ट्रान्स स्त्री, पण कागदोपत्री दोघेही पुरुष. त्यांच्या विवाहाची नोंद लमजुंग जिल्ह्यात 29 नोव्हेंबर 2023ला झाली. आपल्याच पद्धतीचा विधी, आपल्याच शेजारी.

धर्माच्या नावाने विरोधही मोठा आहे, तो लपवू नका. 2023च्या सुनावणीत जमियत उलेमा-ए-हिंद विरोधात उभी राहिली. सरसंघचालकांनी त्याच वर्षी जानेवारीत एका मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची गोष्ट सांगून अशी माणसं समाजात पूर्वीपासून आहेत असं म्हटलं होतं, पण मार्चमध्ये संघाने विवाह स्त्री-पुरुषांचाच अशी भूमिका घेतली. मला यात एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. असण्याला आता बरेच जण हो म्हणतात, लग्नाशी येऊन थांबतात. म्हणून तिथे हो म्हणणारा पुरोहित फार गरजेचा आहे. संसदेत उद्या हा विषय निघाला तर "धर्माला हे मान्य नाही" असं पहिलं वाक्य येणार, आणि त्याला उत्तर वकिलाने देऊन भागणार नाही. ते रोज पूजा सांगणाऱ्या माणसांनीच द्यायला हवं.

आणि बाईंना भीती असेल की उद्या कायदा झाला तर प्रत्येक पुरोहितावर सक्ती येईल, तर त्यांना सांगा, तसं कुणी मागितलेलंच नाही. सुनावणीच्या पहिल्याच दिवशी, 18 एप्रिल 2023ला, सरन्यायाधीशांनी व्यक्तिगत धार्मिक कायदे बाजूला ठेवून फक्त विशेष विवाह कायद्यापुरतं ऐकू असं स्पष्ट केलं होतं. डेन्मार्कने 2012मध्ये तिथल्या राष्ट्रीय चर्चमध्ये अशी लग्नं सुरू केली, तरी ज्या पाद्रीच्या मनाला पटत नाही त्याला नकाराची मुभा ठेवली. बाईंना नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तो हक्क त्यांचा त्यांच्यापुरता. तुमचा होकार अडवण्याचा नाही.

मेहुण्यांचं अवघड आहे. त्यांना तुकोबांचा अभंग ऐकवायला जाऊ नका. "भेदाभेद भ्रम अमंगळ" ते तुमच्याआधीपासून टाळ वाजवत म्हणतात, आणि आपल्याच अभंगाने कुणी आपल्याला गाठलं की माणूस मागे सरकतो. त्यांना पंढरपूरच्या देवळाबद्दल विचारा. ते देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे 1947मध्ये दहा दिवस उपोषण केलं. तेव्हा विरोध करणाऱ्यांत देवभोळी, नेमाने वारी करणारी माणसंही होती, वाईट माणसं नव्हती. आज मेहुणे ज्या रांगेत उभे राहतात त्या रांगेत कुणाला अडवायचं हे त्यांच्या मनातही येणार नाही. जातीचं दुःख आणि या मुलींचं दुःख एकच आहे असं मी म्हणत नाही, जातीचं कितीतरी खोल आहे. पण देवाच्या दारात कुणाला घ्यायचं यावर भक्तांचं मत बदलतं, हे त्यांनी स्वतःच्या पंढरीत पाहिलं आहे. एवढं बोला आणि थांबा. उत्तर मागू नका. बापाला मुलीच्या लग्नाला यायचं नसतं असं सहसा नसतं. त्याला नातेवाइकांपुढे काय बोलायचं ते सुचत नसतं. त्यांना ते वाक्य तुम्ही द्या: "माझ्या मेहुणीने, विधिवत, अग्नीच्या साक्षीने लावलं." तुमच्या पौरोहित्याचा मान त्यांच्या गोतावळ्यात आहे, तो इथे कामी येऊ दे. तरीही नाहीच आले तर मुहूर्त पुढे ढकलू नका.

बहिणीला एकटं पडू देऊ नका. मुंबईत अशा मुलामुलींच्या आईवडिलांचा "स्वीकार" नावाचा गट 2017पासून आहे. एप्रिल 2023मध्ये या गटातल्या चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या लग्नाला मान्यता मागितली होती. ज्या आईने हे आधी सोसलंय तिच्याशी तासभर बोलणं तुमच्या-माझ्या समजुतीपेक्षा बहिणीला जास्त उपयोगी पडेल. आणि कुणी "उपचार करून बरं करतो" म्हणणारा भेटला, मग तो डॉक्टर असो वा बाबा, तर त्याला घरात घेऊ नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

शेवटी हॉस्पिटलचा तो बाक. तुमच्या पत्रातली ही ओळ वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. त्या रात्री तुमची भाची जिथे बसली होती तिथून तिला सप्तपदी आत नेणार नाही, हे खरं आहे. कागद काही अंशी नेतील, म्हणून लग्नाच्या तयारीत साड्या आणि हॉल यांच्या आधी हे कागद घ्या. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्येच सांगितलं आहे, त्यामुळे "रक्ताचंच नातं आणा" हा आग्रह कायद्यातून आलेला नाही. दोघींनी एकमेकींच्या नावे वैद्यकीय निर्णयांचं मुखत्यारपत्र नोटरीसमोर करून ठेवावं. त्याला वेगळा असा कायदा नाही, पण रात्री अकरा वाजता काउंटरवर कागद दाखवणं आणि काहीच नसणं यात फरक पडतो. आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र वेगळं असतं. त्याची पद्धत जानेवारी 2023पासून सोपी झाली आहे, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आणि त्यात निर्णय कुणी घ्यायचे ते नाव लिहिता येतं. बँकेत संयुक्त खातं आणि नॉमिनी म्हणून एकमेकींची नावं द्यायला काही अडचण नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024मध्ये स्पष्ट केलं आहे. शाखेत कुणी कुरकुर केली तर तेच सांगायचं. शिधापत्रिकेसाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा, असं केंद्राने राज्यांना कळवलं आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं मृत्युपत्र. कायदा त्यांना अविवाहित समजतो, म्हणून उद्या एकीचं काही झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर तिच्या वाट्याचा अर्धा फ्लॅट तिच्या आईवडिलांकडे जाईल आणि दुसरी स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखी होईल. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव घातलंय एवढ्यावर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. दोघींनी स्वतंत्र मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि साक्षीदार असे निवडावेत ज्यांना त्यातून काही मिळणार नाही आणि जे वयाने या दोघींहून फार मोठे नाहीत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्यावी. विशेषतः मेहुणे नाराज असताना. एका साक्षीदाराच्या जागी तुमचं नाव सुचेल, तर ते नको. वयही आहे आणि पुढे कुणी म्हणायला नको की मावशीनेच सगळं घडवून आणलं. एकीच्या कचेरीतली आणि दुसरीच्या सोसायटीतली अशा दोन तरुण मैत्रिणी पुरतील.

हे कागद नेरूळला त्यांच्या घरी बसून, त्यांच्या वकिलाकडून मसुदा आणून, तुमच्यासमोर वाचून घ्या. सह्या झाल्या की मगच हॉलचा ॲडव्हान्स द्या.